क्लोरोफॉर्म आणि आबासाहेबांचे देव

आबासाहेब टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "डॉक्टर, माझं एक काम कराल?"

माझं काम ठरलेलं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात मी भूल द्यायचो. नाकावर तारेची जाळी, तिच्यावर फडकं, फडक्यावर थेंब थेंब क्लोरोफॉर्म. औषध गोड वासाचं, पण लबाड. घाबरलेल्या माणसाचं हृदय त्यात एकाएकी बंद पडायचं. म्हणून भूल देण्याआधी पेशंट जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असा माझा नियम.

हा पेशंट म्हणजे नामांकित नाटककार. कंपनीबरोबर आमच्या गावी मुक्कामाला आले आणि त्यांचं अपेंडिक्स सुजलं. इंग्रजांचं राज्य होतं, पेनिसिलिन आम्ही पाहिलंही नव्हतं. वाचतील की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं.

"बोला," मी म्हणालो.

"एका नाटकावरून लोक मला नास्तिक म्हणतात, दुसऱ्यावरून भक्त. मागच्या आठवड्यात तुमच्या इकडच्या प्रतापगडला गेलो. महादेवाला हात जोडले, दर्ग्यातही जोडले. मनापासून की सवयीनं, मलाच कळलं नाही. तुमच्या औषधानं माणूस बडबडतो म्हणे. मी कोणाचं नाव घेतो, तेवढं ऐकून ठेवा."

"आणि नाहीच घेतलं तर?"

"तेही सांगा."

आमचे सर्जन, बडे साहेब, हात धुऊन आले. "गप्पा झाल्या असतील तर सुरू करा."

गाढ झोपेआधी एक अवस्था येते, तिला आम्ही एक्साइटमेंट म्हणायचो. माणूस हातपाय झाडतो, शिव्या देतो, गातो. आबासाहेब आधी खुदुखुदू हसले. मग दरडावून म्हणाले, "महादेवा, तुझा प्रवेश अजून आला नाही. विंगेत उभा राहा." विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेचा आडोसा, जिथं नट आपल्या पाळीची वाट पाहतो. थोड्या वेळानं, "पीरबाबा, तुम्हीपण तिकडंच. दाटी करू नका."

पाय धरून उभी असलेली आमची आया भागरताबाई म्हणाली, "डाक्टरसाहेब, देवाले काऊन दरडावून राह्यले जी हे?"

"पाय सोडू नका, बाई."

क्लोरोफॉर्मचा वास आमच्याही डोक्यात शिरत होता. बड्या साहेबांचे खांदे हसण्यानं हलत होते. मी ओठ चावून हसू दाबत होतो, कारण थेंब तर मोजूनमापूनच पडायला हवे. आबासाहेब झोपले तेव्हा कुठं आम्ही तिघं माणसांत आलो. अपेंडिक्स न फुटता निघालं.

दोन-तीन दिवसांनी त्यांना धड बसता यायला लागलं तसं त्यांनी विचारलं, "कोण?"

मी सगळं सांगितलं. पोट धरून हसले. मग एकदम थांबले. "विंगेत उभा राहा म्हणालो? म्हणजे आहे तर."

"पण बोलावलं नाहीत तुम्ही."

"प्रवेश लिहायचा राहिला असेल," म्हणाले, आणि पुन्हा असे हसले की एक टाका तुटला.

तो बड्या साहेबांनी भूल न देताच घातला. त्या वेळी आबासाहेबांनी नाव घेतलं ते बड्या साहेबांचं, आणि तेही फारसं भक्तीनं नाही.

तेव्हापासून पोटाच्या पेशंटला काही सांगायचं असलं, की मी टाके निघेपर्यंत थांबत आलो.