माझ्या वाट्याची पात

पऱ्ह्यांच्या, रोवायच्या कोवळ्या रोपांच्या, ओल्या मुळांचा वास आला की मी अजूनही मनानं धानाच्या त्या बांधीत जाऊन उभी राहते. कर्करोगात डावा स्तन काढल्यानंतरची ती पहिलीच रोवणी. डाव्या हातात जुडी धरली की हात भरून यायचा. बायकांनी मला मधोमध घेतलं होतं. मागे सरकत रोवताना समोर पाहिलं, तर माझी पात, माझ्या वाट्याची पट्टी, भरलेली होती. त्यातली अर्धी रोपं दोन्हीकडच्या बायकांनी लावली होती.

मी चिडले. “माह्यावर दया करून राह्यल्या का?”

थोरली जाऊ वाकल्या वाकल्याच म्हणाली, “दया असती तं तुले बांधावर बसवलं असतं.”

तेव्हा ते मला झोंबलं होतं.

आता तिचे गुडघे वाकत नाहीत. यंदाही आम्ही तिची पात मधोमधच ठेवली.