सुजाताची होडी आणि माझी हिच

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे दुसरा कप मागणार नाही. गाढवपणा सगळेच करतात हो! पण दोन वर्षं रोज, एक्सेल शीट उघडून, मन लावून केलेला गाढवपणा तुम्ही पाहिलाय कधी?

माझ्या बायकोला, सुजाताला, पंचेचाळिसाव्या वर्षी शिडाच्या होडीचं वेड लागलं. शिकली आणि एक जुनी छोटी होडी ट्रेलरसकट घेऊनही आली. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये होडी ठेवणार कुठे? होडी असायची हाफिझ नावाच्या मेकॅनिकच्या आवारात. दर बुधवारी सुजाताला सुट्टी. "हाफिझची लॉरी सोडते पाण्यापर्यंत," असं ती म्हणायची. मी तेव्हा जुरोंग आयलंडला कामावर, कंपनीच्या बसमधून सकाळी गेलेला. मला काय कळणार?

तिची इच्छा एकच. आपल्या गाडीमागे होडी लावायची, आपण दोघांनी मलेशियातल्या एका किनाऱ्यावर जायचं आणि तिने मला होडीतून फिरवून आणायचं. बस्स.

"मी बघतो," मी म्हणालो. तिथेच घात झाला.

आता मी पडलो रिफायनरीतला इंजिनिअर. मी वाचलं, की मागे जड ट्रेलर लावला की गाडीची शेपटी दबते, नाक वर येतं आणि पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे वजन वाटून देणारी हिच, गाडीला ट्रेलर जोडायचा सांगाडा. दोन पोलादी दांडे, साखळ्या, कंस. मागचा भार हे दांडे पुढच्या चाकांपर्यंत पोचवतात. दांडे मात्र वजनाप्रमाणे निवडायचे. मग मी वजनं मांडली. होडी, ट्रेलर, शीड, बर्फाची पेटी, आम्ही दोघं...

सुजाता खांद्यावरून वाचत होती. "अहो, आपण दोघं गाडीत बसणार ना? ट्रेलरच्या वजनात आपण कसे?"

"होडीत बसणार आहोत ना आपण?"

"पाण्यात गेल्यावर! का मला हायवेवरून होडीत बसवून नेणार आहात?"

"सेफ्टी फॅक्टर असतो गं," मी म्हणालो, आणि आलेली बेरीज दुपटीने वाढवली.

दांडे अमेरिकेतून आले. खोकं उचलायला दोन माणसं लागली! आणि बघतो तर ट्रेलर ज्यावर अडकवायचा तो गोळा त्यांच्या इंचात, ट्रेलरची खोबण आपल्या मिलिमीटरमध्ये. परत पाठवलं. दुसरा गोळा आला, तर ज्यावर तो बसतो तो कंस चार बोटं उंच. तेही परत. दरवेळी जोडून सुट्टी यायची, सुजाता पिशव्या भरायची, चिवडा करायची, आणि दरवेळी मी म्हणायचो, "पुढच्या सुट्टीला नक्की. एकच पार्ट राहिलाय." तो चिवडा आम्ही घरी टीव्हीसमोर बसून खायचो. ती कधी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

मग तिचं दुखणं निघालं. चार महिने. त्याबद्दल आज नको.

ती गेल्यावर वर्षभराने आमची मुलगी यशू सुट्टीवर आली. म्हणाली, "बाबा, आईची होडी ती शिकली त्या क्लबला देऊन टाकू. पण आधी एकदा तिच्या त्या किनाऱ्यावर नेऊ या. शनिवारी. आणि प्लीज, नो मोअर पार्ट्स लाह!" इकडे वाक्याला "लाह" जोडतात, आपल्या "ना"सारखं.

पार्ट्स सगळे आले होतेच. मी खोकं घेऊन हाफिझकडे गेलो. तो इंग्रजीत बोलला, मी आपलं मराठीत सांगतो.

त्याने खोकं उघडलं. दांडे पाहिले. माझ्याकडे पाहिलं. "अंकल, तुम्ही घर ओढून नेणार आहात का?"

"होडी. सुजाताची."

तो ट्रेलरपाशी गेला आणि त्याचं पुढचं टोक एका हाताने उचललं. दुसऱ्या हातात चहाचा कप होता!

"गाडीवर एवढंच वजन येतं, अंकल. तुमची ही हिच याच्यापेक्षा जड आहे. जे वाटायचं त्याच्याहून वाटणारा जड! याला नुसता गोळा पुरतो लाह."

मग त्याने भिंतीच्या खिळ्यावरून एक साधी बुटकी पट्टी काढली. टोकाला गोळा, घासून चकचकीत झालेला. "ही घ्या आँटीची."

"कुठल्या आँटीची?"

"तुमच्या! दर बुधवारी मी ही लावून द्यायचो, आणि आँटी स्वतः गाडी चालवत होडी न्यायच्या. संध्याकाळी काढून ठेवायचो."

मी तिथल्या टायरवर बसलो. "मग लॉरी?"

"माझ्याकडे लॉरी कुठे आहे, अंकल?"

"मला का नाही सांगितलं तिने?"

हाफिझ जरा ओशाळला. "मी विचारलं होतं. म्हणाल्या, असू दे, त्यांचा हिशेब चाललाय. झाला की जाऊ आम्ही दोघं."

दोन मिनिटांत ट्रेलर लागला. दोन मिनिटांत! यशू आणि मी शनिवारी सीमा ओलांडून गेलो. गाडीची शेपटी दबली नाही, नाक वर आलं नाही. सुजाता दाखवायची त्या फोटोतलाच किनारा. वारा छान होता. आम्ही होडी ढकलत पाण्यापाशी नेली, शीड पसरलं, डोलकाठी उभी केली, ती पडली, पुन्हा उभी केली. मग सात-आठ दोऱ्या हातात घेऊन यशू माझ्याकडे बघू लागली.

"बाबा, कुठली दोरी कुठे?"

"मला वाटलं, आई तुला शिकवून गेली असेल."

"ती म्हणायची, आधी बाबांना शिकवायचंय."

दुपारभर आम्ही बापलेक वाळूवरच, त्या होडीत बसून राहिलो. एक कोळी येऊन विचारून गेला, बिघाड झालाय का काही. काय सांगणार त्याला? त्या होडीचा किती भार गाडीच्या कुठल्या चाकावर येतो, हे मी किलोत सांगू शकतो. शीड कुठल्या दोरीने वर चढतं, हे मात्र मी सुजाताला एकदाही विचारलं नव्हतं.