मारुतीचा शेंदूर आणि इंजिनाचा सांधा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, माझ्या लहानपणी, एका शनिवारी बाळकुम गावच्या भातगिरणीचे वाफेचे इंजिन बंद पडले. सिलिंडरच्या झाकणाखालचा पुठ्ठा फाटला होता. आज देवळात शेंदूर तेलात खलत होते. त्या वासाने मला ती सकाळ आठवली.

वडील गिरणीत मिस्त्री होते. दुपारपर्यंत गळती थांबली नाही, तर नोकरी जाणार होती. त्यांनी झाकण घरी ओटीवर आणून नवा पुठ्ठा कापला. पण सांध्यातून वाफ सुटू नये म्हणून त्याला तेलात कालवून लावायचा शेंदूर संपला होता. आईने मारुतीसाठी भरलेली वाटी पुढे केली.

“अगं, देव रागावेल.”

“त्याची समजूत मी घालते. तुम्ही मालकांची घाला!”

वडिलांनी गिरणीत झाकण पुन्हा बसवले. दुपारी वाफ चढली. मालकांनी सांध्याजवळ कागद धरला. तो कोरडा राहिला. वडील सकाळपासून पहिल्यांदा खाली बसले.