चाकाआडून आलेलं ‘साका?’

पहिला तासभर मी चुकीचाच सेन्सर तपासत बसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. कॅमशाफ्टचा समजून इंजिनच्या तापमानाचा सेन्सर काढला, मीटर लावला आणि "गेलाय" म्हणून जाहीरही केलं. असा माणूस भुताखेतांवर काय बोलणार? त्यात हायस्कुलात विज्ञान शिकवतो... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

वडगावातलं आमचं घर, रविवार, सकाळचे अकरा. गाडी माझ्या सासऱ्यांची — संकेश्वरच्या आप्पांची. ते जाऊन वर्ष झालं, आणि गाडी महिनाभर बंद. बायकोच्या थोरल्या भावानं, अण्णानं, निपाणीहून कळवलं होतं की आज चालू झाली नाही तर उद्या भंगारवाला येऊन नेईल. बायको सकाळपासून पाने घेऊन माझ्यामागं उभी.

शेवटी खरा सेन्सर सापडला. त्याची परीक्षा अशी — किल्ली ऑन ठेवून इंजिन हातानं फिरवायचं. सेन्सर चांगला असेल तर मीटरवर आलटून पालटून शून्य आणि पाच व्होल्ट दिसतात. फिरवायचा बोल्ट पुढच्या चाकाच्या आत. चाक काढून बायकोला तिथं पाना देऊन बसवलं. मीटरच्या वायरी जोडल्या, बॉनेटखाली डोकं घातलं आणि म्हणालो, "फिरव. सावकाश."

शून्य. पाच. शून्य. पाच... खालून विचारणा झाली, "साका?"

म्हणजे कानडीत, पुरे का? हा आप्पांचा शब्द. जेवायला वाढताना, पाणी ओतताना, सगळीकडं. बायको बापाची नक्कल करतेय, वाकून बसल्यामुळं आवाज जाड येतोय, असं मला वाटलं. मीही रंगात येऊन म्हणालो, "साकु, आप्पा."

तेवढ्यात बायको घरातून चहा घेऊन आली. दूध उतू जातंय म्हणून ती आधीच आत गेली होती. सांगून गेली होती म्हणे, मी ऐकलं नव्हतं. चाकाशी कुणी नव्हतं. पाना पायरीवर.

सेन्सर ठीक होता, पुढच्या वायरीच्या जोडात गंज होता. घासला, गाडी चालू झाली. पण इंजिन फिरल्याशिवाय मीटर तसा हलत नाही — मग ते फिरवलं कुणी, हे मला आजही सांगता येत नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती बॉनेटवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी शेवटी आप्पांना दोन शब्द बोलायलाही धाप लागायची.

"आप्पास्नी दम लागलेला काय हो?"

नाही म्हणालो. ते ‘साका?’ अगदी सहज विचारल्यासारखं होतं.

"मग बरं. अण्णाला फोन लावा... गाडी कुठं जात न्हाय म्हणावं."