साखरपुड्यातलं प्रीपोन

इंग्रजीत ‘प्रीपोन’ नावाचं एक क्रियापद आहे. ठरलेली गोष्ट अलीकडे ओढणे, असा त्याचा अर्थ. खुद्द इंग्रज त्याला बिचकतात म्हणे. आपल्याकडे मात्र त्याच्यावाचून मीटिंगा होत नाहीत, आणि खान्देशात तर लग्नंही होतात.

माझा साखरपुडा अमळनेरला होता. लग्न एम.ए.ची शेवटची परीक्षा झाल्यावरच, ही अट मी घातली होती. दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या होत्या. पण आमच्याकडे साखरपुड्याला जमलेल्या माणसांना नुसतं वरण-बट्टी खाऊन घरी जाणं जड जातं. कोणीतरी थोर माणूस उठतो आणि म्हणतो, पाहुणे आहेत, भटजी आहेत, लावूनच टाका लग्न. खर्च वाचतो, समाजात नाव होतं. मुलीला विचारायचा वेळही वाचतो.

आमचे थोर गृहस्थ म्हणजे मुलाचे धुळ्याचे मामा. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, “लग्न आजच प्रीपोन करू.” माझा पहिला पेपर सोमवारी होता. मी आबांकडे, माझ्या वडिलांकडे पाहिलं. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. ते ताडकन उठले आणि माझा जीव भांड्यात पडला.

“आसा शबद इंग्रजीमा नही शे,” आबा म्हणाले.

झालं. लग्न राहिलं बाजूला. पोस्टपोन चालतं तर प्रीपोन का नाही, असं मामांचं म्हणणं. आबांनी थेट लॅटिन काढलं, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. भटजीसुद्धा मध्ये पडले. शेवटी कोणीतरी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि शब्द निघाला की हो. काही शतकांपूर्वी इंग्रज तो ‘पुढ्यात मांडणे’ या अर्थाने वापरत, मग विसरले. आजचा अर्थ आपल्या देशातच रुळला. आबांनी मोठ्या मनाने हार मानली. टाळ्या पडल्या. शब्द मंजूर झाला आणि त्याच्या मागोमाग लग्नही. हळद आचाऱ्याच्या डब्यात होतीच.

मी आबांना बाजूला घेतलं. “आबा, माझे पेपर?”

“परीक्षा काय पळी जाई राहिनी?” ते म्हणाले. नजर मोबाइलवरच होती. मला इतका संताप आला, की रडूसुद्धा फुटेना.

आता मी धुळ्यात, सासरी असते. आबा आले की पाहुण्यांना हा किस्सा लॅटिनसकट सांगतात आणि मनापासून हसतात. ती परीक्षा मी अजून दिलेली नाही. आबांनी एकदाही विचारलेलं नाही.