अमरावती ते जर्मनी, व्हाया अकोट

लोक जर्मनीला विमानाने जातात. आम्ही नवरा-बायको अमरावतीहून एसटीने निघालो आणि अकोला येईपर्यंत माझी निम्मी हाडं मागच्या सीटवर सांडली. तिकडे पोरीला आठवा महिना. पहिलं बाळंतपण, जवळ आपलं कोणी नाही. तिच्या आईला व्हिसा हवा होता, आणि त्यासाठी पिशवीत कागद एवढे की कंडक्टर पिशवीचंही अर्धं तिकीट फाडतो की काय, असं वाटलं.

अकोल्याच्या एजंटाने कागद चाळले, चष्मा काढला, पुसून परत घातला. आईच्या पासपोर्टवर वैशाली, पोरीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पंचफुला.

"काका, या कागदायवरून ह्या काकू तिच्या आईच नाहीत," तो म्हणाला.

घोळ असा : लग्नात आमच्या आईने रिवाजाप्रमाणे सुनेचं नाव बदललं. पण पहिलं बाळंतपण रिवाजानेच माहेरी, अकोटला झालं. तिथे सासऱ्यांनी नोंद केली आपल्या पंचफुलाच्या नावाने. दोन्ही घरं बरोबर, आणि मधल्यामध्ये पोर बिनआईची.

पुन्हा बस. दोन्हीकडे काळी माती, समोर कापसाच्या गाड्या. ऊन असं की खिडकीच्या दांडीवर भाकर शेकून निघाली असती. अकोटला मेव्हण्याकडे झुणका-भाकर झाली. ठेच्याने कानातून वाफ काढली, ती दर्यापूरपर्यंत दिसली असेल. मग तिघं वकिलाकडे गेलो. दोन्ही नावांची बाई एकच, असं सांगणारा माणूस त्याला हवा होता.

वकिलाने मेव्हण्याला बहिणीचं सासरचं नाव विचारलं. त्याने डोकं खाजवलं. "आमाले काय ठाव? आमची पंचफुलाच."

वकील माझ्याकडे वळला. मी छाती काढून सांगितलं, की नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने मीच लिहिलं होतं.

"पुरावा?"

"तांदूळ गाईले चारले."

"बरं, घरी त्यायले काय म्हनता?"

बायकोच बोलली, "अवं (अगं) म्हंतात. दोन्ही नावं माहीच हायेत, मीच सांगतो. तुमी लिवा."

तिने शपथेवर सांगितलं, आम्ही खाली सह्या केल्या. प्रतिज्ञापत्राचा फोटो अकोल्याला धाडला. बस स्टँडवर चहा निवत असताना एजंटाचा निरोप आला : चालते. माझ्यात आनंद करायचंही त्राण नव्हतं.

परतीच्या बसमध्ये पोरीचा फोन आला. तिचं रडणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. बायको म्हणाली, "तुह्या वक्ती मी माहेरी गेली होती. आता माहेरच तिकडे येऊन रायलं. रडू नको."

फोन ठेवला आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. अमरावतीचे दिवे दिसले तेव्हा मी हळूच म्हटलं, "वैशाली." हाललीसुद्धा नाही. "पंचफुला." छे. सरकारी शिक्क्यानिशी एक झालेल्या दोन्ही बाया गाढ झोपल्या होत्या.

"अवं."

"आलं काय घर?" तिने डोळे उघडले आणि आधी कागदांची पिशवी चाचपली.