मुराळी

आबा जेवायला बसले की डावीकडे पेपर आणि उजवीकडे ट्रान्झिस्टर. एकदा भाजी समजून मिरचीच्या ठेच्याचा मोठा घास घेतला, ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं, पण मान काही वर झाली नाही.

हे माझे वडील. धुळ्यात कचेरीत कारकून. घरी तीन पेपर यायचे, बातमीपत्र एकही चुकायचं नाही. कुठलं सरकार पडलं, कुठे लढाई पेटली, गल्लीतली माणसं आबांनाच विचारायची. आई काही सांगायला गेली की म्हणायचे, "थांब वं, बातम्या व्हऊ दे. दुनियामा काय चाली ऱ्हायनं, ते माहीत नको का?" आई फणकारायची, "आनि घरमा पीठ सरनं, ते कोन्ती बातमीमा येई?"

मग आई गेली. आबा निवृत्त झाले आणि त्याच सुमारास गल्लीत केबल आली. आता बातम्या संपायच्याच नाहीत. एक चॅनल झालं की दुसरं, बटणावरचं बोट हलत राहायचं.

तोवर मी पिंपळनेरला सासरी गेले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचं, पण एकटीने नाही. माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला आला पाहिजे. मला भाऊ नाही, म्हणून आबाच यायचे. तिसऱ्या वर्षी मी पत्र टाकलं: आबा, तब्येत बरी नाही, इथे कामाला उसंत नाही, या वेळी आठ दिवस आधी या. कोणी आल्याशिवाय हे मला सोडणार नाहीत.

पिशवी भरून मी ओट्यावर बसायची. दोन्ही जावांचे भाऊ आले, त्या गेल्या. आखाजीच्या दिवशी पुरण मी एकटीने वाटलं. सासू म्हणाली, "तुन्हा बापले तू आठवस तरी का वं?"

पंधरा दिवसांनी तापाने फणफणले, तेव्हा नवऱ्याने मला धुळ्याला आणून सोडलं. आबा टीव्हीसमोर होते. मी म्हटलं, "आबा, पत्र मिळालं नाही का?" वाटलं, म्हणतील नाही मिळालं. पोस्टाला चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

"उनं व्हतं ना वं," आबा म्हणाले. "वाचं बी व्हतं. मंग बातम्या लागन्यात... ऱ्हाई गयं."

खोटं बोलता आलं नाही त्यांना. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे दर चैत्रात त्यांचं कार्ड यायचं, 'कधी येऊ न्यायला?' मी उत्तर द्यायची नाही. आणि न विचारता यायची त्यांची हिंमत व्हायची नाही. अशी पाच कार्डं आली. सहाव्या वर्षी आबा गेले. मातीला जमलेले म्हणत होते, मोठा जाणकार माणूस, त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं.

दोन ओळींचं उत्तर मला जड नव्हतं. दिलं नाही.